डिस्प्रोशियम : दुर्मिळ नव्हे, ‘दुष्प्रतीत’

‘डिस्प्रोशियम क्लोराइडला “दुर्मिळ मातीचे मीठ” म्हणता येईल का, आणि डिस्प्रोशियम म्हणजे दुर्मिळच ना?’ असे एका वाचकाने विचारले आहे. डिस्प्रोशियम हे ‘रेअर अर्थ’ (rare earth) म्हणवल्या जाणाऱ्या गटातले एक धातू मूलद्रव्य, आणि डिस्प्रोशियम क्लोराइड हे त्याचे क्लोरीनबरोबरचे संयुग. दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. मीठ हे सोडियम क्लोराइडपुरते ठेवावे आणि इतरत्र लवण म्हणावे, एवढे पहिल्यासाठी पुरे. ‘माती’ मात्र सारखी कानावर येते आणि दर वेळी खटकते. पाण्यात न विरघळणाऱ्या, उष्णतेला दाद न देणाऱ्या ऑक्साइडांसाठी जुने युरोपीय रसायनज्ञ ‘earth’ ही जी संज्ञा वापरत, तिचा शेतातल्या मातीशी संबंध नाही. ‘विरल मृत्तिका’ रूढ करणाऱ्या परिभाषाकारांनी शब्द उचलला आणि अर्थ मागे ठेवला. शिवाय विरल तरी कशी? भूकवचात डिस्प्रोशियम चांदीहून कितीतरी अधिक आहे. अवघड आहे ते त्याला सोबतच्या मूलद्रव्यांपासून वेगळे काढणे.

नेमके हेच त्याचे नाव सांगते. फ्रेंच रसायनज्ञ लकॉक द ब्वाबोद्रां यांनी १८८६ साली याच गटातल्या होल्मियमच्या ऑक्साइडातून पुन्हापुन्हा अवक्षेपण करून (द्रावणातून घन साका पाडून) हे मूलद्रव्य ओळखले आणि ग्रीक ‘दुस्प्रोसितोस’, म्हणजे पोहोचण्यास कठीण, यावरून त्याचे नाव ठेवले. आता हा शब्द फोडून पाहावा : ‘दुस्’ म्हणजे आपला दुस् (कठीण), ‘प्रोस्’ हा जुन्या ‘प्रोति’मधून आलेला, म्हणजे आपल्या ‘प्रति’चा (कडे) सख्खा भाऊ, आणि ‘इतोस्’ म्हणजे ‘इ’ (जाणे) या धातूचे ‘इत’. तिन्ही अवयव जोडले की संस्कृत नियमाने ‘दुष्प्रतीत’ हे रूप सिद्ध होते! ग्रीकने हे संस्कृतातून घेतले, असा दावा मी करत नाही. दोन्ही भाषांचा वारसा एक आहे, एवढेच. पण ‘प्रतीत होणे’ रोज म्हणणाऱ्या मराठीला ‘दुष्प्रतीत’ परके वाटू नये, आणि डिस्प्रोशियमचा अर्थ ‘दुर्मिळ’ असा देणाऱ्यांनी यातला ‘इत’ पाहिलाच नाही, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

या क्लोराइडलाही हे नाव शोभते. ते हवेतील ओलावा शोषते, आणि त्याचे सजल (पाण्याचे रेणू धरून असलेले) स्फटिक नुसते तापवले तर पाण्याबरोबर काही क्लोरीनही हायड्रोजन क्लोराइडच्या रूपात निघून जाऊन ऑक्सिक्लोराइड उरते. म्हणून निर्जल रूप मिळवण्यासाठी अमोनियम क्लोराइडसह तापवावे लागते. हे निर्जल क्लोराइड डिस्प्रोशियमची कार्बनी संयुगे घडवताना आरंभद्रव्य म्हणून वापरतात. अशाच एका संयुगाच्या रेणूंनी २०१८ साली ८० केल्विनपर्यंत, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विन या उत्कलनबिंदूच्याही वर, आपली चुंबकीय स्मृती, म्हणजे बाहेरचे चुंबकीय क्षेत्र काढल्यावरही उरणारे चुंबकत्व, टिकवून दाखवली.