फी मिरगात, रास दिवाळीत

औसा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि त्यात तूर. खर्च वजा जाता वर्षाला 70 हजारांच्या आसपास सुटतात. शिलाई मशीनवर ताई महिन्याला 5 हजार मिळवतात. मुलगा गावातल्या जिल्हा परिषद शाळेतून चौथी झाला. शाळा सातवीपर्यंत आहे, पण पाचवीपासून त्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचंय. मुलगी यंदा पहिलीला, गावातच. दोघांचा जूनचा खर्च त्यांनी काढलाय 44 हजार. पैशाच्या वाटा तीन: आडत्याकडून उचल, गंठण गहाण ठेवणं किंवा वडिलांनी दिलेली 1 लाखाची ठेव मोडणं. शेवटी मुलीच्या सुकन्या समृद्धी बचत खात्याबद्दल एक ओळ आहे, "यंदा सुकन्याचे पैसे भरले नाहीत तर चालेल का?"

ताई, आधी आडत्याचं बोलू. तो व्याज सांगत नाही, "माल तेवढा आमच्याकडं घाला" एवढंच म्हणतो. तुमचा माल 25 क्विंटल धरा. भावात क्विंटलमागं 150 रुपये जरी कमी पडले तरी 3,750 रुपये गेले, आणि हमीभावाच्या केंद्रावर माल न्यायची मोकळीकही गेली. 2025-26 च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये होता. बाजार त्याच्या खाली असताना माल कुठं घालायचा हे ठरवणं आपल्या हातात असावं. ही वाट सोडाच.

ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडली की व्याज कापतात, आणि मोडलेला लाख पुन्हा एकरकमी गोळा होत नाही, हे मी फार घरांत पाहिलंय. त्याच ठेवीवर बँक कर्ज देते, दर ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त. 30 हजार सहा महिन्यांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले तर व्याज 1,350 रुपये, आणि ठेव आपली वाढतच राहते. गंठणाचं कर्जही साधारण याच भावात पडेल, पण दिवाळीला ते गळ्यात हवं असतं. पीककर्जाला शाळेसाठी हात लावू नका, मिरगात बियाणं आणि खत त्यातच बसवायचंय.

शाळेला लेखी अर्ज देऊन निम्मी फी दिवाळीनंतर भरण्याची सवलत मागा. गणवेशाचा सध्या एकच जोड घ्या. खरं तर शाळेनं दुकान ठरवून दिलेलं नसेल तर कापड आणून तुम्हीच शिवा, पँटच्या खाली दोन इंच दुमड ठेवून. गावातल्या बाकीच्या पोरांचे गणवेशही घ्या शिवायला. जून हा तुमच्या मशीनचा हंगाम आहे आणि पत्रात त्याचा हिशोबच नाही.

म्हणजे यंदाचं भागेल. मला काळजी पुढची आहे. गाडीचं भाडं धरून या शाळेचा वर्षाचा खर्च 50 हजारांच्या घरात जातो आणि घरात येतात 1 लाख 30 हजार. एका मुलाचं ओढूनताणून होईल, दोघांचं होणार नाही. तुमच्या 44 हजारांत मुलीच्या नावावर 1,600 रुपये आहेत. गणवेश आणि पुस्तकं सरकारी शाळेत फुकट मिळतात, म्हणून कमी लागतात, हे मान्य. पण वर तिच्या सुकन्याचेही थांबवायचे? ते खातं 8.2 टक्के देतंय. तंगी असेल तर यंदा 250 रुपये भरा, खातं चालू राहतं. थांबवू मात्र नका. त्यातून मध्येच पैसे निघत नाहीत म्हणून तुम्ही वैतागलाय, ते पत्रातून कळतं. ती दहावी पास झाली किंवा अठराची झाली की शिक्षणासाठी निम्मे काढता येतात. कुणाला उसने देता येत नाहीत, हाच त्या खात्याचा गुण.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. मुलगा गणितात हुशार आहे, असं लिहिलंय. लातूरला नवोदय विद्यालय आहे. सहावी ते बारावी, राहणं-खाणं-पुस्तकं सरकारची. परीक्षा पाचवीत असताना द्यायची. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत काढलेली लागतात. तुम्ही सांगता ती शाळा औशात, नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. पाचवीला तिथं नाव घातलं की या जागांवरचा त्याचा हक्क गेला.

जागा जेमतेम 80 आणि अर्ज हजारोंनी येतात, त्यामुळं नंबर लागेलच असं मी म्हणणार नाही. पण एक वर्ष गावातच ठेवलं तर जूनचा खर्च चार-पाच हजारांवर येतो, कर्जच लागत नाही. माध्यम पाचवीत बदललं काय आणि सहावीत बदललं काय, तसंही अवघडच जाणार. इंग्रजीची शिकवणी लावा हवी तर. मी असतो तर हे एक वर्ष थांबलो असतो.

नवोदयचे अर्ज पावसाळ्याच्या सुरुवातीला ऑनलाइन निघतात. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा दाखला जोडावा लागतो, तो शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मागून ठेवा. आणि रास झाली, माल विकला की 25 हजार बाजूला काढून सहा महिन्यांच्या ठेवीत टाका, मे महिन्यात मुदत संपेल अशा बेतानं. नवोदयला नंबर नाही लागला तर सहावीच्या फीचे निम्मे पैसे तेव्हा घरात असतील. उरलेल्यांसाठी वडिलांच्या ठेवीवरचं कर्ज आहेच.