साध्यच कारण म्हणून लिहिले तर?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ‘ज्या चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात तो समांतरभुज असतो’ हे सिद्ध करताना तिने दोन त्रिकोण एकरूप दाखवले, परंतु ‘समांतरभुज चौकोनाच्या संमुख बाजू’ या कारणापाशी तिचे गुण कापले गेले. हे विधान खरे असूनही चूक कशी?
– एक पालक, अमळनेर

उत्तर : विधान खरे आहे, पण ते समांतरभुज चौकोनाविषयी आहे, आणि आपल्या मुलीच्या हाती तसा चौकोन अजून आलेलाच नाही. पक्षात, म्हणजे दिलेल्या माहितीत, एवढेच आहे की, चौकोन कखगघ चे कर्ण म बिंदूत छेदतात आणि कम = गम, खम = घम. बाकी सारे साध्य, म्हणजे सिद्ध करायचे आहे.

कोन कमख आणि कोन गमघ हे विरुद्ध कोन म्हणून समान आहेत. त्यामुळे बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने त्रिकोण कमख आणि त्रिकोण गमघ एकरूप होतात आणि त्यांचे संगत कोन मकख व मगघ समान मिळतात. हे कोन कग या छेदिकेने केलेले व्युत्क्रम कोन (छेदिकेच्या विरुद्ध अंगांचे आतले कोन) असल्यामुळे कख आणि गघ समांतर ठरतात. त्रिकोण खमग आणि घमक घेऊन दुसरी जोडीही अशीच मिळते. चौकोनाचा प्रकार आधी गृहीत धरावा लागत नाही, हेच एकरूपतेचे खरे बळ आहे.

शिरोबिंदूंचा क्रमही मुलीकडून तपासून घ्यावा, कारण माझ्या मते कसोटीच्या नावापेक्षा मुले येथेच अधिक अडखळतात. ‘कमख एकरूप घमग’ असे लिहिले, तर कम = घम असा अर्थ होतो, आणि या चौकोनांपैकी तसे फक्त आयतात घडते.

आपल्या भागात कापसाचा हंगाम सरला की पऱ्हाटीला (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांना) तोटा नसतो. कमी-जास्त लांबीच्या दोन सरळ काड्या घेऊन त्यांचे मध्य सुतळीने एकत्र बांधावेत आणि काड्या हव्या तेवढ्या उघडून चारही टोके मातीत खुणावीत. कोन कितीही बदलला तरी समोरासमोरचे त्रिकोण एकरूपच राहतात, हे मुलीला मोजून पाहता येईल.

त्यानंतर तिला व्यत्यास, म्हणजे उलट विधान, सोडवायला द्यावा : समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात. तेथे संमुख बाजू समान आणि व्युत्क्रम कोन समान असल्याने कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटी लागते, आणि तिने लिहिलेले कारण तेथे जसेच्या तसे चालते.