आठ संघ, एक कोर्ट, पाच रविवार
वाचकांचे प्रश्न : बास्केटबॉल

दिवाळीची सुट्टी संपली की पुण्यातल्या क्लबांचे मोसम सुरू होतात. या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न वाढत्या वयाच्या खेळाडूंच्या लीगबद्दल आणि मोसमातच घेतल्या जाणाऱ्या स्पर्धेबद्दल आहेत.

पहाटे साडेपाचला उठून अमेरिकेतल्या जी लीगचे सामने बघतो. माझ्या आवडत्या संघाने नोव्हेंबर-डिसेंबरात भरपूर सामने जिंकले, पण पुढच्या गुणतक्त्यात सगळे संघ शून्यावर! जिंकलेले सामने गेले कुठे?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, सदाशिव पेठ

ते सामने वेगळ्या स्पर्धेचे होते. 2021-22 पासून जी लीगने मोसमाचे दोन भाग केले. पहिला भाग म्हणजे शोकेस कप, ज्याला पुढे टिप-ऑफ टूर्नामेंट हे नाव मिळालं. यात संघ मुख्यतः आपल्या विभागातल्या संघांशी साखळी सामने खेळतात. डिसेंबरात सगळे संघ विंटर शोकेससाठी एका ठिकाणी जमतात. आधी हे लास वेगासला व्हायचं, 2023 मध्ये ते ऑरलँडोला गेलं. साखळीत वर आलेले संघ तिथे बाद फेरीत विजेतेपदासाठी खेळतात आणि बाकीच्यांनाही सामने मिळतात. ते आटोपलं की सगळ्यांची पाटी कोरी होते आणि नियमित मोसम सुरू होतो.

कारण या लीगच्या स्वभावातच आहे. जी लीग एनबीएसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगसाठी, खेळाडू घडवते, त्यामुळे संघ मोसमभर एकसारखा राहत नाही. टू-वे करारावरचा (एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळू शकणारा) खेळाडू आज इथे तीस गुण काढतो आणि परवा एनबीएच्या बेंचवर बसलेला दिसतो. शोकेसमध्ये एनबीए संघांच्या निवडकर्त्यांना सगळे खेळाडू एकाच छपराखाली बघायला मिळतात. एनबीए संघांना दहा दिवसांचे करार 5 जानेवारीपासून करता येतात, म्हणजे डिसेंबरचा तो आठवडा खेळाडूच्या दृष्टीने नेमक्या वेळी येतो.

आमच्या भागातले आठ क्लब मिळून 16 वर्षांखालील मुलांची स्पर्धा घेणार आहोत. कोर्ट एकच, तेही फक्त रविवारी सकाळी. बाद पद्धतीने घेतली तर दोन रविवारांत उरकेल असं काहींचं म्हणणं आहे.
— संयोजक, कोथरूड

उरकेल खरी, पण बाद पद्धतीत आठ संघांचे सात सामने होतात आणि चार संघ एकेक सामना खेळून घरी बसतात. ज्या संघांना सामन्यांची सर्वांत जास्त गरज, नेमके तेच आधी बाहेर पडतात. खेळाडू घडवणाऱ्या लीगमध्ये हे चालणार नाही. आमचा आग्रह असा की पहिला आणि आठवा, दोघांनाही सारखेच सामने मिळाले पाहिजेत.

चार-चार संघांचे दोन गट करा. गेल्या वर्षीचे पहिले दोन संघ वेगवेगळ्या गटांत टाका, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या काढा. प्रत्येक गटाचे सहा, म्हणजे साखळीचे बारा सामने. तीन रविवारी चार-चार सामने घेतले की प्रत्येक संघ दर रविवारी एकदाच खेळतो. चौथ्या रविवारी अ गटातला पहिला विरुद्ध ब गटातला दुसरा आणि ब मधला पहिला विरुद्ध अ मधला दुसरा. त्याच धर्तीवर तिसऱ्या-चौथ्यांचे दोन सामने. पाचव्या रविवारी अंतिम सामना आणि तिसऱ्या, पाचव्या, सातव्या क्रमांकांचे सामने. एकूण 20 सामने, प्रत्येक संघाला पाच. सहावा रविवार अवकाळी पावसासाठी मोकळा ठेवा; नोव्हेंबरात त्याचा भरवसा नाही.

क्वार्टर 10 मिनिटांचे न ठेवता 8 मिनिटांचे ठेवा, मध्यंतर 5 मिनिटांचं. घड्याळ नियमाप्रमाणे थांबवलं तरी वॉर्म-अप धरून एक सामना 75 मिनिटांत बसतो. आठला सुरुवात केली तर चार सामने एकला संपतात. घड्याळ सतत चालू ठेवून वेळ वाचवायचा मोह होईल. तो टाळा. शेवटच्या मिनिटात घड्याळ थांबलेलं असताना काय करायचं, हे मुलं सामन्यातच शिकतात. वेळापत्रक बिघडतं ते खेळामुळे कमी आणि सामन्यांच्या मधल्या वेळामुळे जास्त. म्हणून पुढच्या सामन्याच्या खेळाडूंची यादी आधीच्या सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्येच टेबलावर आली पाहिजे. पंच चार बोलवा आणि जोड्या आलटून पालटून लावा. एकाच जोडीने सलग चार सामने पळायचे म्हटलं तर शेवटच्या सामन्यात शिट्टी उशिराच वाजणार.

जन्मदाखल्याच्या प्रती पहिल्या रविवारच्या आधी गोळा करा. उपांत्य फेरीत वयाचा वाद निघाला तर स्पर्धेचा सगळा रस जातो.

साखळीत तीन संघांचे समान गुण झाले. आम्ही एकूण गुणफरक धरून क्रम लावला, तर एका कोचने हरकत घेतली. बरोबर कोण?
— क्लबचे पदाधिकारी, हडपसर

कोच. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात विजयाला 2 गुण, पराभवाला 1, आणि संघ आलाच नाही तर 0. प्रतिस्पर्ध्याला 20-0 अशी पुढे चाल. ठरलेल्या वेळेनंतर 15 मिनिटांत पाच खेळाडू उभे राहिले नाहीत तरी हेच. समान गुण झाले तर आधी फक्त त्या संघांचे आपसातले सामने बघायचे : आपसातले विजय-पराभव, मग आपसातला गुणफरक, मग आपसात केलेले गुण. एवढ्यावरही सुटलं नाही तरच गटातले सगळे सामने धरायचे.

समजा अ, ब आणि क या तिघांनीही ड ला हरवलं. अ ने ब ला 52-44, ब ने क ला 47-46 आणि क ने अ ला 40-37 असं हरवलं. तिघांचे प्रत्येकी 5 गुण. आपसातला फरक असा : अ चा अधिक 8 उणे 3, म्हणजे +5. क चा उणे 1 अधिक 3, म्हणजे +2. ब चा उणे 8 अधिक 1, म्हणजे −7. तिन्हींची बेरीज शून्य आली पाहिजे; नाही आली तर आकडा उतरवताना चूक झाली आहे. क्रम अ, क, ब. ब ने ड ला चाळीस गुणांनी हरवलं असलं तरी इथे त्याचा उपयोग नाही.

आणि ते योग्यच आहे. एकूण फरक धरला की प्रत्येक कोच दुबळ्या संघावर शेवटच्या मिनिटापर्यंत फुल कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण कोर्टभर दबाव, लावतो. तेरा वर्षांच्या मुलांना अर्धं कोर्टही ओलांडता येत नाही, आणि जिंकणारेही त्यातून काही शिकत नाहीत. आम्ही तर पुढे जाऊन सुचवू की 20 गुणांची आघाडी झाली की प्रेस बंद, असा स्थानिक नियमच करा आणि पत्रकात छापा.

माझी मुलगी दोन वर्षं क्लबमध्ये आहे. सरावाला एक दिवस चुकत नाही, पण सामन्यात फार तर दोन मिनिटं मिळतात. स्पर्धेच्या नियमात यावर काही करता येतं का?
— पालक, पिंपळे सौदागर

येतं, आणि केलंच पाहिजे. कोचच्या मनावर सोडलं तर अटीतटीच्या सामन्यात कोणताही कोच पहिल्या पाचांनाच खेळवणार. सोपा नियम असा : यादीतल्या प्रत्येक खेळाडूने पहिल्या दोन क्वार्टरपैकी एक पूर्ण खेळायचा. दहा जणी असतील तर पाच पहिल्यात, उरलेल्या पाच दुसऱ्यात. आठ असतील तर पहिल्यात बसलेल्या तिघी दुसऱ्यात सुरुवात करतात आणि उरलेल्या दोन जागा कोच ठरवतो. या दोन क्वार्टरमध्ये बदली खेळाडू फक्त दुखापत किंवा पाच फाऊल झाल्यावरच. मध्यंतरानंतर कोचला मोकळीक.

उल्लंघनाला शिक्षा ठेवण्यापेक्षा ते होऊच देऊ नका. गुणलेखक पहिल्या क्वार्टरमध्ये खेळलेल्यांची नोंद स्कोअरशीटवर करतोच. दुसरा क्वार्टर सुरू होण्याआधी त्याने उरलेल्यांचे नंबर कोचला मोठ्याने वाचून दाखवले की काम झालं. दहापेक्षा जास्त नावं मात्र घेऊ नका, नाहीतर हे गणित जमत नाही.

जी लीगमध्ये एकाच फ्री थ्रोवर दोन किंवा तीन गुण देतात. वेळ वाचवायला आपणही तसं करावं का?
— कोच, औंध

नको. 2019-20 पासून तिथे जेवढ्या गुणांचे फ्री थ्रो मिळाले असते तेवढे एकाच थ्रोवर मोजतात. चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं आणि जादा वेळेत मात्र नेहमीचा नियम असतो. प्रौढ व्यावसायिकांना ते चालतं. आपल्या मुलांना रेषेवर उभं राहायची सवयच कमी. पहिला हुकल्यावर श्वास घेऊन दुसरा टाकणं हेच तर शिकायचं असतं. शिवाय जिल्हा आणि राज्य निवडीचे सामने फिबाच्या नियमांनी होतात.

जी लीगचा जादा वेळेचा नियमही तसाच. बरोबरीच्या आकड्यात 7 मिळवून जो संघ आधी तिथे पोहोचेल तो विजयी. गुण भराभर होणाऱ्या खेळात हे लवकर संपतं, पण 16 वर्षांखालील सामन्यात सात गुणांना किती वेळ लागेल सांगता येत नाही. साखळीत 3 मिनिटांचा जादा वेळ पुरे, अंतिम सामन्याला नियमाप्रमाणे 5 मिनिटं.

जी लीगमध्ये भारतीय कोणी खेळलं आहे का?
— इयत्ता नववी, वारजे

हो. एनबीएच्या 2015 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) डॅलसने निवडलेला सतनाम सिंग टेक्सास लेजंड्सकडून खेळला. तेव्हा लीगचं नाव डी-लीग होतं. अमज्योत सिंग 2017-18 मध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून, आणि प्रिन्सपाल सिंग 2020-21 मध्ये इग्नाइट संघातून.

सकाळच्या सामन्यात मुलं घसरतात. कोर्ट झाडूनही फरक पडत नाही.
— संयोजक, बावधन

धुळीमुळे नाही, दवामुळे घसरतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सिमेंटवर आणि विशेषतः रंगवलेल्या ॲक्रिलिक कोर्टवर पातळ ओल धरते. ती डोळ्यांना दिसत नाही. तळहात टेकवून बघा. झाडू फिरवला की ओल आणि धूळ मिळून लगदा होतो. आधी रबरी वायपरने मध्यापासून बाहेर ओढा, मग सुती फडक्याने पुसा. बास्केटखालचा रंगवलेला पट्टा आणि फ्री थ्रोची रेषा दोनदा पुसा, कारण मुलं तिथेच पाय रोवतात. सातऐवजी आठला सुरुवात केली तर ऊन अर्धं काम करतं.

त्याच वेळी रिंगची उंचीही मोजा : जमिनीपासून 3.05 मीटर. पुढच्या आणि मागच्या कडेला स्वतंत्र मोजा. मुलं लोंबकळून पुढची कड खाली येते. कोर्टवर नवा थर दिला असेल तर जमीनच वर आलेली असते, आणि हे सहसा कोणी तपासत नाही.

गुणलेखनाच्या टेबलावर पालकांना बसवतो. चुका होतात आणि भांडणं होतात. त्यांना नेमकं काय शिकवायचं?
— संयोजक, सिंहगड रस्ता

एका शनिवारी दोन तास बसवा, जुना सामना लावून स्कोअरशीट भरून घ्या. दोन रंगांचे पेन हवेत : एक पहिल्या-तिसऱ्या क्वार्टरसाठी, दुसरा दुसऱ्या-चौथ्यासाठी. दोन गुणांच्या बास्केटला आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, आणि तीन गुणांच्या बास्केटला तिरकी रेघ आणि खेळाडूच्या नंबरभोवती गोल. दर टाइम-आउटला फलकावरचा आकडा शीटशी ताडून बघायचा. खेळ चालू असताना फरक दिसला तर लगेच नाही, पुढे खेळ थांबून घड्याळ थांबलं की पंचांना सांगायचं. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की टेबलावर लाल खूण उभी करा. पाचव्यापासून दोन फ्री थ्रो मिळतात आणि बहुतेक वाद इथेच पेटतात. जादा वेळेतले फाऊल चौथ्या क्वार्टरचेच धरायचे.

सर्वांत अवघड खुर्ची शॉट क्लॉकची, म्हणजे शॉट मारायला मिळणाऱ्या 24 सेकंदांच्या घड्याळाची. यंत्र नसेल तर स्टॉपवॉच घेऊन ‘दहा’ आणि ‘पाच’ असं मोठ्याने सांगायचं. नव्या पालकाचा हात कशावरही बटण दाबतो. बचाव करणाऱ्याचा चेंडूला नुसता हात लागला तर 24 सुरूच राहतात. शॉट फक्त बोर्डला लागला किंवा हवेतच गेला तरी रीसेट नाही. रिंगला लागून त्याच संघाने रिबाउंड घेतला तर 14, समोरच्याने ताबा घेतला तर 24. आणि ताबा म्हणजे चेंडू हातात आल्यावर. चेंडू हवेत असताना बटणाला हात लावायचा नाही.