मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत कॅनन आणि निकॉन सोनीच्या मागे का पडले? आता साताऱ्यात लग्नाचे काम करणाऱ्याने काय घ्यावे?

या दोघांना तंत्र अवगत नव्हते असे नाही. त्यांना आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा स्वतःचाच चालता धंदा मोडायचा नव्हता. निकॉनचा एफ माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची कडी) १९५९ पासूनचा आणि कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा, त्यामुळे छायाचित्रकारांकडे त्यांच्या लेन्सचा मोठा साठा होता, आणि आरसा काढायचा म्हणजे नवा माउंट ओघानेच आला. सोनीला गमावण्यासारखे तुलनेने कमी होते. तिने २०१३ मध्येच फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) ए७ आणला, तर निकॉनचा झेड७ आणि कॅननचा ईओएस आर यायला २०१८ उजाडले.

आरसा गेल्याने निकॉनमध्ये लेन्सचा माउंट आणि सेन्सर यांतील अंतर ४६.५ मिलिमीटरवरून १६ वर आले, म्हणून जुन्या लेन्स अडॅप्टर (मधला जोड) लावून नव्या बॉडीवर बसतात. मात्र निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नसल्याने स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस हातानेच करावा लागतो.

मंगलाष्टका चालू असताना मिररलेसचे आवाज न करणारे (इलेक्ट्रॉनिक) शटर मोलाचे खरे, पण कार्यालयातील एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत पट्टे उमटू शकतात (हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही). कॅननच्या ईएफ लेन्स हाताशी असतील, तर आर मालिकेतील बॉडी आणि अडॅप्टर घ्यावा. सगळा संच विकून सोनीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.