रोमन चांदीच्या नाण्यांवर राणीच्या मागच्या बाजूला दिसणारी बाई कोण असते?

छाप्यावर राणी असते. काट्यावरची बाई कधी व्हीनस किंवा जुनो ही देवी असते, पण बहुतेक वेळा ती म्हणजे बाईच्या रूपात दाखवलेला एखादा गुण. चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नका. जेमतेम 18 मिलिमीटरच्या नाण्यावर तो झिजलेलाच असतो. मी आधी हात बघतो. डोक्यावरचा पदर सावरत असेल तर पुडिकिटिया, म्हणजे शील. वेदीवर धूप टाकत असेल तर पिएटास, देवाधर्माची आणि घरच्यांची चाड. एका हातात पसरट वाटी आणि दुसऱ्यात फळांनी भरलेलं शिंग असेल तर बहुधा कॉन्कॉर्डिया, एकोपा. कडेवर मूल असेल तर फेकुंडिटास, भरली कूस.

राणीबद्दल लोकांनी काय मानावं, हे दरबार असं ठरवायचा. कधी ते खरंही असे. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या राणीला, धाकट्या फाउस्टिनाला, डझनभराहून जास्त मुलं झाली. तिच्या एका देनारियसवर (रोमन चांदीच्या नाण्यावर) तर बाईच नाही, नुसतं सिंहासन आणि त्यावर दोन तान्ही बाळं: 161 साली जन्मलेला कोमोडस आणि त्याचा जुळा भाऊ.

प्लाउटिलाची नाणी मात्र बघवत नाहीत. 202 साली तिचं सम्राट सेव्हेरसचा मुलगा काराकाला याच्याशी लग्न लागलं. तिच्या बापाने पन्नास राण्यांना पुरेल एवढा हुंडा दिला, असं त्या काळचा इतिहासकार डिओ लिहितो. नाण्यावर दोघं हातात हात देऊन उभे, भोवती अक्षरं ‘चिरंतन एकोपा’. प्रत्यक्षात काराकाला तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. 205 मध्ये तिच्या बापाला ठार केलं, तिला हद्दपार केलं आणि सासरा सेव्हेरस गेल्यावर तिचाही जीव घेतला. एकोप्याची नाणी तेवढी उरली.

असं नाणं घ्यायचंच असेल तर थोरल्या फाउस्टिनापासून, म्हणजे धाकटीच्या आईपासून, सुरुवात करा. तिच्या मृत्यूनंतर नवरा सम्राट अँटोनिनस पायस याने तिची इतकी नाणी पाडली की आजही ती सहज मिळतात.

फक्त एक सांभाळा. भारतात सापडलेले देनारियस बहुतांशी ऑगस्टस आणि टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांचे, म्हणजे प्लाउटिलाच्या खूप आधीचे, तेही दक्षिणेतले. (टायबेरियसच्या नाण्यामागची बसलेली बाई म्हणजे त्याची आई लिव्हिया, असं बरेच जण मानतात.) तेव्हा ‘शेतात सापडलं’ म्हणून कुणी प्लाउटिला पुढे केली, तर खिशात हात घालण्याआधी नाणं जाणकाराला दाखवा.