देव मानत नाही, पण मराठी राहायचंय

यावेळी मेलबर्नहून 19 वर्षांच्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आलाय. आईबाबा मूळचे कराडकडचे, हिचा जन्म तिकडचाच, मराठी छान बोलते पण वाचायला जड जातं म्हणून तिनं सगळं बोलूनच पाठवलंय. तर काकू, हे तुम्हीच तिला वाचून दाखवा, कारण यातलं अर्धं तुमच्यासाठी आणि काकांसाठी आहे.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. घरात रोज संध्याकाळी दिवा लागतो, गणपती बसतात, श्रावणात सत्यनारायण होतो, ती सगळ्याला हजर असते, आरत्या तोंडपाठ आहेत, पण देव आहे असं तिला मनापासून वाटत नाही आणि हात जोडताना आपण खोटं वागतोय असं वाटत राहतं. त्यात युनिव्हर्सिटीत जातीबद्दल शिकवलं, तिनं घरी येऊन बाबांना विचारलं की आपली जात कोणती आणि आपल्या गावात हे सगळं कसं चालायचं, तर बाबा म्हणाले असलं काही आपण मानत नाही, झालं, विषय संपला. मग ती म्हणाली या वर्षी मी पूजेला बसणार नाही, तर आईच्या डोळ्यात पाणी, आमचेच संस्कार कमी पडले म्हणून. आणि शेवटी विचारते, देव मानला नाही तर मी मराठी राहते का?

राहतेस ग. शंभर टक्के राहतेस. आणि हे मी देव मानणारी मुलगी म्हणून सांगतेय, मी सोमवार करते, संकष्टी करते, पेपरच्या आदल्या दिवशी ढोल्या गणपतीला जाऊन यायचे. पण मी साताऱ्यात वाढले आणि साताऱ्यात वाढलेल्या माणसाला हे माहीत असतं की देवाशी भांडणारी माणसंही इथलीच, आपलीच. सज्जनगडावर समर्थांची समाधी आहे, खाली शहरात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं घर. ते इथलेच, डॉक्टर, कबड्डीचे खेळाडू, 1989 साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली आणि आयुष्यभर एकच सांगत राहिले की आमचा विरोध तुमच्या श्रद्धेला नाही, श्रद्धेच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. जोतिराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही सातारा जिल्ह्यातलं, आणि सावित्रीबाईंचं माहेर नायगाव. 1873 ला जोतिरावांनी सत्यशोधक समाज काढला, देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको म्हणून. यांना कुणी तुम्ही मराठी नाही असं म्हणेल का? मग तुला का म्हणावं.

आता काका, जरा तुमच्याशी बोलते, रागावू नका. असलं काही आपण मानत नाही, हे तुम्ही चांगल्याच मनानं म्हणालात हे कळतं. पण पोरीनं विचारलं होतं काय होतं, तुम्ही सांगितलं आम्ही काय मानत नाही. तिला तेवढ्यात कळलं की इथं काहीतरी लपवलं जातंय, आणि मग ती उरलेल्या सगळ्याकडेही संशयानंच बघणार, दिव्याकडेही आणि आरतीकडेही.

तुमच्या कराड तालुक्यातलीच गोष्ट सांगा तिला. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं, आता ती प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस आपल्याकडे विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेत त्यांना बसायला घरून गोणपाट न्यायला लागायचं, वेगळं बसायला, आणि शिपाई असेल तरच पाणी, कारण नळाला हात लावायचा नाही. 1901 च्या उन्हाळ्यात ते भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला रेल्वेनं निघाले आणि मसूरला उतरले. मसूर, काका, तुमच्या शेजारचं. चांगले कपडे घातलेली पोरं बघून स्टेशन मास्तरनं आपुलकीनं चौकशी केली आणि जात कळल्यावर पाठ फिरवली. एकही गाडीवान तयार होईना, शेवटी दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक तयार झाला, ते पण या अटीवर की पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. सोबत जेवण होतं पण पाणी कुणी देईना, रात्रभर पोरं तहानलेली, पाणी नाही म्हणून जेवताही आलं नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तुमच्या मुलीनं मसूर स्टेशन बघितलंय का? सुट्टीत आल्यावर त्याच स्टेशनवरून गेली असेल, पण तिला हे कुणी सांगितलं नसेल.

मग आजीला व्हिडिओ कॉल लावा आणि तिघं मिळून विचारा. गावातल्या विहिरी कुणाकुणाच्या होत्या, लग्नाच्या पंगतीत कोण शेवटी बसायचं, खळ्यावरून बलुतं कुणाला आणि किती जायचं, आपल्या शेतावर कोण राबायचं आणि आपण कुणाच्या शेतावर. आज्यांना सगळं आठवतं, त्यांना कुणी विचारत नाही म्हणून त्या बोलत नाहीत. काही ऐकून वाईट वाटेल. वाटू दे.

आणि ते सांगितलं की मगच पुढचं सांगायला अर्थ आहे. भाऊराव पाटील, कर्मवीर, घराणं जैन, त्यांनी 1919 ला तुमच्याच तालुक्यात काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, स्वतःच्या हातानं काम करायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या बायकोनं, स्वतःचं मंगळसूत्र मोडलं. काकू, तुम्ही संस्कार म्हणालात ना, मला विचाराल तर मंगळसूत्र जपणारी बाई संस्कारी आणि पोरांच्या भाकरीसाठी ते विकणारीही संस्कारीच. मुलीला हे दोन्ही द्या, त्यातलं काय उचलायचं ते ती बघेल.

अजून एक, तिकडे मंडळात आणि फॅमिली ग्रुपवर हल्ली धर्माबद्दल फार कडवट फॉरवर्ड येतात, इकडेही येतात, आणि परदेशातली पोरं ते वाचून म्हणतात की हिंदू असणं म्हणजे हेच असेल तर नको मला. त्यांना सांगलीकडचं सांगा की. वाळवा तालुक्यात गोटखिंडी आहे, तिथं चाळीसहून जास्त वर्षं गणपती मशिदीत बसतो, मंडळात दोन्हीकडची पोरं. कडेगावचा मोहरम बघायला तर लांबून माणसं येतात, गगनचुंबी ताबूत, आणि त्यातल्या काही ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडे. माझं स्पष्ट मत आहे की गाव सोडताना तुम्ही देव्हारा नेलात, आरतीचं पुस्तक नेलंत, पण ही शेजारपाजारची वागणूक सामानात राहून गेली, आणि पोरांना नेमकी तीच हवी असते.

आता पूजेचं. तिला जबरदस्तीनं बसवू नका, आणि तू पण, बाई, त्या दिवशी खोलीचं दार लावून बसू नको. हात जोडायचे नसतील तर जोडू नको. पण शिरा ढवळायला आईजवळ उभी राहा, आलेल्यांना पानं वाढ, म्हाताऱ्या माणसाला खुर्ची दे, लहान पोरांना रांगोळीला बसव. यात खोटं काहीच नाही. आईला सरळ सांग, आई मला देवाचं अजून कळत नाही पण तुझ्या घरात चार माणसं जेवतात ते मला हवंय. बघ काय म्हणते. आणि काकू, कुणी मंडळातल्या बाईनं विचारलं की मुलगी का बसली नाही, तर ती आत वाढतेय एवढंच सांगा, खाली मान घालून नाही, नेहमीच्या आवाजात.

तिनं एक विचारलंय की या वेळी भारतात आलो की आईला कुलदैवताला जायचंय, मी न मानता गेले तर चालेल का. जा ग. तुमचा खंडोबा पालचा, तारळी नदीकाठचा. यात्रेत खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं, भंडारा आणि खोबरं उधळतात, खोबऱ्याचे तुकडे डोक्यात आपटतात, केसांच्या मुळापर्यंत पिवळं होतं आणि दोनदोनदा शॅम्पू केला तरी जात नाही. आजूबाजूला मेंढपाळ, शेतकरी, मुंबईहून आलेले माथाडी, सगळे सारखेच पिवळे. तिथं तुला कुणी विचारणार नाही की तू मानतेस का. पांढरा ड्रेस मात्र घालू नको.

यात्रा पौषात असते, म्हणजे साधारण जानेवारीत, आणि तारीख तिथीप्रमाणे दरवर्षी बदलते, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी आजीला फोन करून दिवस पक्का करा. कराडहून यायला एक दिवस जास्तीचा ठेवा, साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूल आणि कर्मवीरांची समाधी दोन्ही अर्ध्या दिवसात होतं.