सभेत उभं राहायचं म्हटलं की पाय लटपटतात

प्रश्न : मावशी, सप्रेम सलाम. आमच्या सोसायटीच्या टाकी-दुरुस्तीची बिलं मला खटकली. दोन वेगळ्या ठेकेदारांची, पण अक्षर एकच. हिशेब मागितला तेव्हापासून ग्रुपवर टोमणे सुरू आहेत, जिन्यात कुणी बोलत नाही. अध्यक्ष निरोप धाडतात, “घरी चहाला या, बसून मिटवू.” नवरा म्हणतो, सोड. रोज प्रार्थना करते, तरी सभेत बोलायच्या विचारानेच पाय लटपटतात. माझा विश्वास कच्चा आहे का?
— एक भगिनी, मेकोसाबाग, नागपूर

उत्तर : कच्चा काहून असेल, बाई? बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढ. पारसच्या अर्तहशश्त राजाचा हा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक. राजाने विचारलं, तोंड का उतरलंय? नहेम्या स्वतःच सांगतो, मी फार घाबरलो. मग स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाशी बोललो. राजा उत्तरासाठी समोर ताटकळलेला. अशा वेळी प्रार्थना ती केवढी असणार? डोळे मिटायलाही सवड नसेल. आणि भीती गेली, असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. माईक हातात घेताना तेवढीच प्रार्थना कर आणि बोलायला लाग.

पुढे राजाच्या परवानगीने नहेम्या यरुशलेमेचा पडलेला कोट बांधायला लागला, तेव्हा तोबीया नावाचा विरोधक हसला, कोल्हा चढला तरी ढासळेल म्हणे. हसून भागेना तेव्हा हल्ल्याचा बेत शिजला. तर नहेम्याच्या लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. दोन्ही केलं. आपल्या मंडळीत पहिलं जमतं, दुसऱ्याचा कंटाळा! (चर्चचे पाळकसाहेब रागावतील, रागावू देत.)

तुझा पहारा म्हणजे कागद. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं पाहता येतात. तोंडी मागू नको. लेखी अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर पोच घे. दाद दिली नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, अर्ज त्याच्या बराच आधी जाऊ दे. चोरी नसेलही, नुसता गबाळा कारभार असेल. तेही कागदच सांगतील.

आता चहाचं. सनबल्लट या दुसऱ्या विरोधकाने नहेम्याला ओनोच्या मैदानात चार वेळा बोलावलं. चारही वेळा उत्तर एकच : मोठं काम चाललंय, मला खाली येता येत नाही. पाचव्यांदा अफवांनी भरलेलं उघडं पत्र आलं, अगदी तुमच्या ग्रुपसारखं. तूही कळव, “जे बोलायचं ते सभेत.” ग्रुपवर वाद घालू नकोस, स्क्रीनशॉट मात्र ठेव.

विरोधकांच्या पापांवर पांघरूण घालू नको, अशीही प्रार्थना नहेम्याने केली होती. ती तेवढी उचलू नकोस. अध्यक्षांचं घर उद्याही तुमच्याच जिन्यात असणार.

आणि नवऱ्याला भांडायला लावू नको, फक्त शेजारच्या खुर्चीत बसायला सांग. नहेम्यानेही कोटापाशी लोक कुळाकुळाने उभे केले होते.